लहानपणीची सायकल आणि अर्धा बँड : आयईएलटीएसमध्ये सोपे प्रश्नच का अडवतात?

‘डिड यू हॅव अ बाइक व्हेन यू वेअर अ चाइल्ड?’ आयईएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत असा प्रश्न सहज येऊ शकतो. दिसायला अगदी सोपा. पण वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीत वाढलेल्या मुलाच्या कानावर ‘बाइक’ हा शब्द पडला की डोळ्यांसमोर उभी राहते ती किक मारायची गाडी. मग उत्तर जाते, ‘नो, माय फादर वॉज नॉट अलाविंग, आय वॉज नॉट हॅविंग लायसन्स.’ परीक्षकाने विचारलेली असते सायकल. एका शब्दाच्या गोंधळात पहिलेच उत्तर रुळावरून घसरते आणि पुढच्या दोन मिनिटांचा आत्मविश्वासही घेऊन जाते.

लहानपणीची सायकल, शाळा, शेजारी, आवडता खाऊ. या परीक्षेतले सुरुवातीचे विषय असेच घरगुती असतात. तयारी करणारे मात्र हवामान बदल आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे परिच्छेद घोकत बसतात. सायकलीवर काय तयारी करायची, असे त्यांना वाटते. तयारी करायची असते, फक्त वेगळी.

अर्ध्या बँडची किंमत किती?

सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ पासून आहे, सावंगी (मेघे) येथे मोठे वैद्यकीय संकुल आहे. त्यामुळे परदेशात नर्स म्हणून जाण्याचे स्वप्न वर्धा जिल्ह्यात नवे नाही. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायचे तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी लागते. इंग्रजीचा पुरावा म्हणून आयईएलटीएस दिली, तर वाचन, श्रवण आणि बोलणे या तिन्हींत ७ बँड हवेत. लेखनात ६.५ चालतात. म्हणजे बोलण्यात ६.५ पडले तर त्या एका परीक्षेवर काम भागत नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठीची किमान पातळी ५.५ वरून ६ वर नेली. तिथेही प्रश्न अर्ध्या बँडचाच.

परीक्षेचे शुल्क १७-१८ हजार रुपयांच्या घरात आहे. गुण दोन वर्षेच ग्राह्य धरले जातात. वर्ध्याच्या उमेदवाराला परीक्षेसाठी सहसा नागपूर गाठावे लागते, तो खर्च वेगळा. घरच्यांनी कापूस-सोयाबीनच्या पैशातून किंवा हप्त्याने भरलेले हे शुल्क असेल, तर ‘सायकल होती का’ या प्रश्नाला आलेले अडखळते उत्तर चांगलेच महागात पडते.

परीक्षेत नेमके काय होते?

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. समोर माणूस असतो, संगणक नाही. काही वेळा तो परीक्षक व्हिडीओ कॉलवर असतो. सगळे संभाषण ध्वनिमुद्रित होते. पहिला भाग चार-पाच मिनिटांचा, रोजच्या ओळखीच्या विषयांवर. सायकल बहुधा इथेच भेटते. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळते, तयारीला एक मिनिट, कागद-पेन्सिल आणि मग एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या आसपासची चर्चा, पुन्हा चार-पाच मिनिटे.

गुण चार गोष्टींना, समान वजनाने मिळतात. बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका व अचूकता आणि उच्चार. या यादीत ‘उत्तरातली माहिती’ कुठेच नाही. सायकल लाल होती की काळी, गिअरची होती की साधी, होती की नव्हती, याने काहीही बिघडत नाही. परीक्षक सायकल तपासत नाही. ती सांगताना उमेदवाराचा भूतकाळ नीट उभा राहतो का, हे तपासतो.

‘बाइक’चा अर्थ नक्की कळला नाही तर ‘डू यू मीन अ बायसिकल?’ असे तिथेच विचारून घ्यावे. प्रश्न पुन्हा सांगा म्हटल्याने गुण जात नाहीत. चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत सुटण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

मराठीतून इंग्रजीत येताना सायकल कुठे घसरते?

राज्यात २०००-०१ पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या उमेदवाराने बारा वर्षे हा विषय शिकलेला असतो. त्याला शब्द येतात. अडचण असते ती मराठी वाक्याचा साचा तसाच इंग्रजीत उतरण्याची. आणि सायकलीच्या उत्तरात हे साचे एकामागून एक येतात.

पहिला अडथळा ‘असणे’ या क्रियापदाचा. मराठीत ‘माझ्याकडे सायकल होती’ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘हॅव’सारखे स्वतंत्र क्रियापद मराठीत नाही. त्यामुळे ‘विथ मी वन सायकल वॉज देअर’ असे वाक्य तयार होते, किंवा ते टाळण्याच्या नादात ‘आय वॉज हॅविंग अ सायकल’. सरळ ‘आय हॅड अ बाइक’ एवढे पुरे.

दुसरा अडथळा ‘चालवणे’. मराठी माणूस सायकल चालवतो, ट्रॅक्टर चालवतो, दुकान चालवतो आणि वेळ पडली तर सरकारही चालवतो. इंग्रजीत कार ‘ड्राइव्ह’ करतात, सायकल ‘राइड’ करतात. ‘आय ड्रोव्ह माय सायकल टु स्कूल’ हे वाक्य कानाला लगेच खटकते. त्यात ‘राइड’ची रूपेही वाकडी आहेत, राइड, रोड, रिडन. ‘रायडेड’ असा शब्द इंग्रजीत नाही. गंमत म्हणजे सायकलीच्या गोष्टीत येणारी बहुतेक क्रियापदे अशीच अनियमित आहेत. विकत घेतली (बॉट), शिकवली (टॉट), पडलो (फेल), मोडली (ब्रोक), कुणीतरी चोरली (स्टोल). ही पाच-सहा रूपे तोंडात बसली की अर्धे काम झाले.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि इथे मराठी अडथळा नाही तर मदत आहे. मराठीत ‘मी सायकलने शाळेत गेलो’ आणि ‘मी सायकलने शाळेत जायचो’ यांत फरक आहे, तो कुणाला शिकवावा लागत नाही. पहिले एकदा घडले, दुसरे रोज घडत असे. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला रीती भूतकाळ म्हणतात. इंग्रजीत नेमके हेच काम ‘युज्ड टु’ करते. ‘आय युज्ड टु राइड टु स्कूल’ म्हणजे जायचो. ‘वन डे आय फेल ऑफ’ म्हणजे एकदा पडलो. मनात मराठी वाक्य ‘-यचो’, ‘-यचे’ने संपत असेल तर ‘युज्ड टु’, ‘-लो’, ‘-ले’ने संपत असेल तर साधा भूतकाळ. ‘चालवत होतो’ असेल तर ‘आय वॉज रायडिंग’. बहुतेक ठिकाणी हा हिशेब जमतो.

‘युज्ड टु’ऐवजी ‘वुड’ही चालते, पण फक्त वारंवार केलेल्या कृतीसाठी. ‘वी वुड रेस टु द रिव्हर’ बरोबर. ‘आय वुड हॅव अ बाइक’ चूक, कारण सायकल असणे ही कृती नाही. आणि आणखी एक सवय मोडायला हवी. ‘आय यूज टु गो टु जिम डेली’ असे आजच्या सवयीबद्दल सर्रास बोलले जाते. ‘युज्ड टु’ म्हणजे पूर्वी, आता नाही. आजची सवय साध्या वर्तमानकाळात सांगायची.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने शिक्षण मातृभाषेतून असावे असा ठराव केला होता. त्या नई तालीमच्या गावात इंग्रजी परीक्षेची तयारी करताना मराठी व्याकरण कामाला यावे, हा योगायोग छान आहे. ‘इंग्रजीतच विचार करा’ हा क्लासमधला लाडका सल्ला प्रत्येकाला जमत नाही. आपल्या मराठी वाक्याचा काळ ओळखणे मात्र प्रत्येकाला जमते.

शब्दांचे काय? ‘पंक्चर’ चालेल?

चालेल. पण ‘माय सायकल बिकेम पंक्चर’ नव्हे, ‘आय गॉट अ पंक्चर’. हवा ‘फिल’ करत नाहीत, टायर ‘पम्प अप’ करतात. खोडकर मित्राने हवा सोडली, तर ‘ही लेट द एअर आउट’. चेन पडली म्हणजे ‘द चेन केम ऑफ’. सायकलवरून पडणे म्हणजे ‘फॉल ऑफ’, ‘फॉल फ्रॉम’पेक्षा हे सहज. हँडल हा शब्द दाराच्या मुठीला ठेवावा, सायकलीचे ‘हँडलबार्स’. गुडघा खरचटला तर ‘आय ग्रेझ्ड माय नी’. मोठ्या भावाची वापरून झालेली सायकल वाट्याला आली तर ‘हँड-मी-डाउन’. हा शब्द कुठल्याही घोकलेल्या ‘हाय लेव्हल’ शब्दापेक्षा जास्त वजनदार ठरतो, कारण तो नेमक्या जागी बसतो.

डबलसीट हा आपला खास शब्द. तो परीक्षकाला कळेलच असे नाही. ‘माय सिस्टर युज्ड टु सिट बिहाइंड मी’ एवढे सांगितले की चित्र उभे राहते. तसेच कैचीचे. सीटवर पाय पुरत नाहीत म्हणून मधल्या दांडीखालून पाय घालून, तिरके उभे राहून हाफ पायडल मारत शिकलेली पिढी विदर्भात घरोघरी आहे. याला इंग्रजीत एकच शब्द शोधत बसले की गाडी थांबते. ‘आय वॉज टू शॉर्ट फॉर द सीट, सो आय पुट वन लेग थ्रू द फ्रेम अँड पेडल्ड स्टँडिंग अप.’ शब्द अडला तरी तो समजावून सांगता येणे, ही परीक्षेच्या दृष्टीने जमेची बाजू धरली जाते.

उच्चारांत भारतीय लकबीला गुण कापले जात नाहीत. ऐकणाऱ्याला सहज कळते का, हा निकष असतो. त्यामुळे परदेशी ढंग आणण्याच्या भानगडीत पडू नये. दोन-तीन शब्द मात्र तपासून घ्यावेत. ‘मोटरसायकल’मध्ये सायकल आहे म्हणून अनेक जण ‘बायसायकल’ म्हणतात. खरा उच्चार ‘बायसिकल’, जोर पहिल्या अक्षरावर. ‘पॅडल’ म्हणजे होडीचे वल्हे, पायाने मारायचे ते ‘पेडल’. आणि ‘व्हील’ व ‘व्हेरी’ मराठीत दोन्ही ‘व्ह’ने लिहितो, पण इंग्रजीत ‘व्हेरी’ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘व्हील’ला ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत.

तेच उत्तर, थोडे सुधारून

समजा, सेलू तालुक्यातल्या एका नर्सिंग झालेल्या मुलीला हा प्रश्न आला. तिचे पहिले उत्तर असे असू शकते : ‘येस, आय हॅड अ बाइक. इट वॉज रेड कलर. आय लाइक इट व्हेरी मच.’ चूक फार नाही. पण वाक्ये सुटी आहेत, शेवटच्यात काळ बदलला आणि सांगण्यासारखे काही नाही.

आता दुसरे : ‘येस, बट इट वॉजन्ट रिअली माइन. इट वॉज माय ब्रदर्स, अँड आय गॉट इट व्हेन ही वेंट टु कॉलेज. आय युज्ड टु राइड इट टु स्कूल विथ टू फ्रेंड्स, अँड इन समर वी वुड लीव्ह अर्ली, बिकॉज इट गेट्स अनबेअरेबली हॉट हिअर.’

यात एकही अवघड शब्द नाही, फार तर ‘अनबेअरेबली’ सोडून. पण ‘बट’, ‘व्हेन’, ‘बिकॉज’ने वाक्ये जोडली गेली. एकदा घडलेले आणि रोजचे वेगळे झाले. आणि ‘इट गेट्स हॉट’ मुद्दाम वर्तमानात आहे, कारण वर्ध्याचे ऊन आजही तसेच आहे. उत्तर वीस-पंचवीस सेकंदांत संपते. पहिल्या भागात यापेक्षा लांबण लावायची गरज नसते. परीक्षक मध्येच थांबवून पुढचा प्रश्न विचारू शकतो, त्यात नाराजी नसते, वेळेचे गणित असते.

मग येते तिसरे, पाठ केलेले उत्तर. ‘माय टू-व्हील्ड कम्पॅनियन वॉज अ ट्रेझर ट्रोव्ह ऑफ नॉस्टॅल्जिया’ छापाचे. इंजिनीअरिंगची तोंडी परीक्षा दिलेल्या कुणालाही याचे भविष्य माहीत आहे. व्याख्या घडाघडा म्हटली की बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघतात आणि एकच उपप्रश्न टाकतात. इथेही तसेच. पाठांतराचा सूर परीक्षकाला लगेच कळतो. नंतर ‘हू टॉट यू टु राइड?’ एवढे विचारले की त्याच उमेदवाराचे इंग्रजी अचानक तीन पायऱ्या खाली येते. टेलिग्रामवर फिरणाऱ्या ‘या महिन्याच्या प्रश्नां’च्या याद्या विषय कळण्यापुरत्या ठीक. त्यांच्याखाली दिलेली तयार उत्तरे वाचूच नयेत. ती शेकडो मुलांनी वाचलेली असतात.

सायकल नव्हतीच तर?

हा प्रश्न अनेकांना, विशेषतः मुलींना, खरोखर अडचणीचा वाटतो. घरात एकच सायकल, ती सकाळी वडिलांबरोबर शेतात जाणार. किंवा भावाला मिळाली, हिला नाही. परीक्षकासमोर हे सांगायचे कसे, म्हणून खोटी लाल सायकल तयार होते आणि पुढच्या उपप्रश्नात अडकते. ‘नो’ हे उत्तर पूर्ण ग्राह्य आहे. एवढेच की ते ‘नो’वर थांबता कामा नये.

‘नो, आय डिडन्ट. वी ओन्ली हॅड वन, अँड माय फादर नीडेड इट फॉर वर्क, सो आय वॉक्ड टु स्कूल. इफ आय हॅड हॅड अ बाइक, आय वुड हॅव स्लेप्ट हाफ अॅन अवर लाँगर!’ शेवटच्या वाक्यात जे घडले नाही त्याची कल्पना आहे. ‘सायकल असती तर अर्धा तास जास्त झोपले असते.’ व्याकरणाच्या दृष्टीने ही रचना वरच्या पातळीची मानली जाते आणि ती फक्त ‘नाही’ म्हणणाऱ्यालाच इतकी सहज सापडते. सायकल असलेल्याला ती ओढून-ताणून आणावी लागेल.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. ज्यांची पहिली सायकल अशी आली, त्यांच्यासाठी उत्तर तयारच आहे : ‘नॉट अंटिल आय वॉज थर्टीन. देन आय गॉट वन थ्रू अ गव्हर्नमेंट स्कीम फॉर गर्ल्स हू लिव्ह्ड फार फ्रॉम स्कूल.’ परीक्षकाने असे उत्तर कदाचित पहिल्यांदाच ऐकलेले असेल.

घरी सराव कसा करावा?

मोबाइलमधला रेकॉर्डर पुरेसा आहे. सायकलीवर एक मिनिट बोलून रेकॉर्ड करावे. मग ऐकताना फक्त क्रियापदे कागदावर उतरवावीत, बाकी काही नाही. ‘हॅड, वॉज, गो, फेल, लाइक’ अशी यादी निघाली की ‘गो’ आणि ‘लाइक’ कुठे घसरले ते डोळ्यांना दिसते. त्याच गोष्टीचे पुन्हा रेकॉर्डिंग. एका वेळी एकच चूक पकडायची. काळ, उच्चार, शब्द सगळे एकदम सुधारायला गेले की जीभ जड होते.

भाषाशिक्षणात ‘४-३-२’ नावाची एक जुनी रीत आहे. पॉल नेशन या अभ्यासकामुळे ती बरीच पसरली. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत, दर वेळी वेगळ्या ऐकणाऱ्याला सांगायची. मजकूर तोच असल्याने ‘काय बोलू’ हा भार उतरतो आणि ओघ वाढतो. सायकलीच्या उत्तरासाठी ती ९०, ६० आणि ४० सेकंदांवर आणता येईल. ऐकायला घरचेच बसवावेत, त्यांना इंग्रजी समजले नाही तरी चालते. कुठे अडखळले ते त्यांनाही कळते.

फोनच्या व्हॉइस टायपिंगवर इंग्रजी निवडून बोलून पाहणे हाही एक स्वस्त उपाय. ‘पेडल’चे ‘पॅडल’ उमटले तर उच्चार तपासावा. पण यंत्राने बरोबर लिहिले म्हणजे उच्चार बरोबरच, असे नाही. ते आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते.

पुढचे प्रश्न कोणते येतात?

सायकलीचा विषय एका प्रश्नात संपत नाही. ‘डू यू राइड अ बाइक नाऊ?’ आला की काळ बदलतो. भूतकाळातच राहिलेले इथे पकडले जातात. ‘नॉट रिअली. आय हॅव्हन्ट रिडन वन सिन्स आय गॉट माय स्कूटर.’ मग ‘आर बाइक्स पॉप्युलर इन युअर टाउन?’ इथे स्वतःबद्दल नाही, गावाबद्दल बोलायचे. शाळेची मुले, सकाळी सेवाग्राम किंवा पवनारच्या रस्त्याला व्यायामासाठी निघणारे, दूध-पेपर टाकणारे. डोळ्यांना रोज दिसते तेच.

दुसऱ्या भागात सायकल थेट नसली तरी ‘लहानपणी मिळालेली भेट’, ‘लहानपणी शिकलेले कौशल्य’ अशा कार्डांवर हीच आठवण वापरता येते. तिथे दोन मिनिटे भरायची असतात, म्हणून कोणी शिकवली, कुठे पडलो, घरी काय सांगितले, असा क्रम एका मिनिटात कागदावर चार शब्दांत टिपून ठेवावा. पूर्ण वाक्ये लिहायला घेतली की पहिल्याच वाक्यात मिनिट संपते. आणि तिसऱ्या भागात ‘शहरांत सायकलींसाठी वेगळी लेन असावी का’ असा प्रश्न आला, तर ज्याने एकदा तरी एसटी स्टँडसमोरच्या गर्दीतून सायकल काढली आहे, त्याच्याकडे मताबरोबर एक उदाहरणही असते.